ग्रान पारादिसोचे रखवालदार

आल्प्समध्ये आज पन्नास हजारांच्या आसपास आयबेक्स आहेत. मीटरभर लांब, गाठीगाठींच्या वाकड्या शिंगांची ही रानबोकडं जवळपास सगळी एकाच ठिकाणच्या जनावरांची वंशज. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वायव्य इटलीत, ग्रान पारादिसोच्या कड्याकपारींत, त्यांतली शंभरेकच उरली होती. मांसासाठी आणि शिंगांसाठी शिकार व्हायचीच. शिवाय रक्त औषधी मानलं जाई, आणि काळजातल्या क्रॉसच्या आकाराच्या हाडाचा ताईत करत.

१८२१ मध्ये शिकारबंदी आली. १८५६ मध्ये राजा दुसरा व्हित्तोरियो एमानुएले याने हे रान राखीव केलं, ते स्वतःला शिकार करता यावी म्हणून. पण त्याने नेमलेल्या रखवालदारांत पूर्वी चोरून शिकार करणारेही होते. चोर कुठल्या खिंडीतून येणार, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आयबेक्स वाढले. राजघराणं पिल्लं विकेना, म्हणून १९०६ मध्ये स्वित्झर्लंडने ती चोरून नेली. १९११ पासून तिकडच्या डोंगरांतही आयबेक्स पुन्हा चरू लागले.

राजाच्या नातवाने हे रान सरकारला दिलं आणि १९२२ मध्ये तिथे इटलीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. खरी परीक्षा मला त्यानंतरची वाटते. फॅसिस्ट राजवटीत कारभार रोममधल्या मंत्रालयाकडे गेला, मग युद्ध आलं. उद्यानाचा दर्जा कायम होता, तरी १९४५ मध्ये ४१९ आयबेक्स उरले. कायदा होता, डोंगर ओळखणारी माणसं पुरेशी नव्हती. रेंझो विदेसोत्त या पशुवैद्याने सूत्रं हाती घेतली, पहारा पुन्हा उभा केला आणि १९६९ पर्यंत उद्यान सांभाळलं. शेजारी फ्रान्सने १९६३ मध्ये व्हानवाझ उद्यान केलं, तेव्हा सीमेपलीकडे जाणाऱ्या जनावरांनाही आसरा मिळाला.

१९५६ पासून दरवर्षी रखवालदार दुर्बीण घेऊन डोंगर चढतात आणि नर, मादी, पिल्लं वेगवेगळी मोजतात. ही चिकाटी मला फार मोलाची वाटते, कारण पुढचं संकट तिच्यामुळेच दिसलं. १९९३ मध्ये पाच हजारांजवळ गेलेली संख्या नंतर तीन हजारांच्या खाली आली. या वेळी चोरटी शिकार नव्हती. पिल्लंच जगत नव्हती. वसंतात कुरणं जितक्या झपाट्याने हिरवी होतात, तितकी पिल्लं कमी तगतात, असं अभ्यासकांना आढळलं. कोवळं, कसदार गवत थोडेच दिवस मिळतं, आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं.