क्लब सभासदांचा, वैर गल्लीचं

विश्वचषक तोंडावर आलाय. कोल्हापुरात पेठापेठांत फ्लेक्स लागतील, अर्जेंटिनावाले आणि ब्राझीलवाले रात्ररात्र एकमेकांना डिवचत बसतील. अर्जेंटिनाच्या गटात अल्जीरिया, ऑस्ट्रिया आणि जॉर्डन आहेत, आणि त्या गणितावर सगळीकडे भरपूर छापून येतंय. मला मात्र त्या निळ्या-पांढऱ्या जर्सीच्या आतल्या दुसऱ्या जर्सीबद्दल लिहायचंय. अर्जेंटिनाचा प्रत्येक खेळाडू आधी कुठल्या तरी क्लबचा असतो आणि देशाचा नंतर होतो.

गेल्या डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा सगळं स्टेडियम त्याच्या नावाने घुमत होतं. त्याच्यासोबत रॉड्रिगो दे पॉलही होता. दे पॉल अवेशानेदाच्या रासिंग क्लबात घडला. मेस्सी रोसारियोच्या नेवेल्स ओल्ड बॉइजचा. तेराव्या वर्षी तो बार्सिलोनाला गेला, त्यामुळे मायदेशातल्या एकाही क्लबच्या मुख्य संघातून तो कधी खेळलेला नाही. तरीही रोसारियोत त्याला विश्वविजेता म्हणण्याआधी नेवेल्सचा पोरगा म्हणतात. त्याच शहरातला आंखेल दि मारिया रोसारियो सेंट्रलचा. २०२२च्या अंतिम सामन्यात दोघांनीही गोल केले. आपण एकाच देशाचे दोन खेळाडू पाहिले. त्यांच्या गावात मात्र त्यांच्या क्लबांमधून विस्तव जात नाही.

आपल्याला युरोपच्या फुटबॉलची सवय आहे. तिथल्या अनेक बड्या क्लबांचा मालक कुणी अमेरिकी गुंतवणूकदार असतो, कुणी आखाती राजघराणं. अर्जेंटिनात क्लब ही नागरी संस्था असते. वर्गणी भरणारे सभासद तिचे मालक, आणि अध्यक्ष त्यांच्या मतदानातून निवडला जातो. क्लबात पोहण्याचा तलाव असतो, बास्केटबॉल असतो. रिव्हर प्लेटची तर स्वतःची शाळा आहे. कोल्हापूरकराला हे फार समजावावं लागणार नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं शाहू स्टेडियमवर संघ म्हणून घेतली जातात, पण त्यांच्या मागे पेठ उभी असते, तालीम उभी असते. पेठेला शेअर बाजारात विकता येत नाही. अर्जेंटिनातली क्लबांची वैरं मला या मालकीतून समजली. हरतो तो आपलाच क्लब, आपल्याच वर्गणीचा, आणि शेजारच्या गल्लीसमोर हरतो.

अवेशानेदा हे ब्यूनस आयर्सला लागून असलेलं कारखान्यांचं शहर. तिथे रासिंग आणि इंदिपेंदिएंते यांची स्टेडियम एकमेकांपासून जेमतेम तीनशे मीटरवर आहेत. १९६७ मध्ये रासिंगने स्कॉटलंडच्या सेल्टिकला हरवून आंतरखंडीय करंडक जिंकला. असा विश्वविजेता ठरलेला हा अर्जेंटिनाचा पहिला क्लब. चाहते जल्लोषात असताना इंदिपेंदिएंतेच्या काही जणांनी रासिंगच्या मैदानात शिरून सात काळी मांजरं पुरली, असं सांगतात. त्यानंतर साडेसाती सुरू झाली. १९८३ मध्ये रासिंग खालच्या श्रेणीत घसरला, आणि त्याच मोसमाच्या शेवटच्या दिवशी इंदिपेंदिएंतेने रासिंगलाच हरवून विजेतेपद उचललं. यापेक्षा क्रूर दिवस कुठल्याही शेजाऱ्याने शेजाऱ्याला दाखवला नसेल. मैदान खणलं गेलं, सहा मांजरांचे सांगाडे सापडले, सातव्याचा पत्ता नाही. शापाची ही गोष्ट तिथे कुणी हसण्यावारी नेत नाही. मलाही ती हसण्यासारखी वाटत नाही, कारण पुढे घडलं ते फार खरं होतं.

क्लब कर्जात बुडाला. ४ मार्च १९९९ रोजी न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्त बाईंनी कॅमेऱ्यांसमोर जाहीर केलं की रासिंग क्लब ही संस्था आता अस्तित्वात नाही. तीन दिवसांनी रासिंगचा सामना ठरला होता, तो रद्द झाला. त्या दिवशी लोक तरीही स्टेडियमवर आले. खेळाडू नाहीत, चेंडू नाही, पंच नाही. गच्च भरलेल्या गॅलऱ्या रिकाम्या मैदानाकडे पाहत गात राहिल्या. ७ मार्च हा दिवस रासिंगचे लोक आजही चाहत्यांचा दिवस म्हणून पाळतात. मी रासिंगचा झालो तो या दिवसामुळे. ब्यूनस आयर्सचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. तिथला संध्याकाळी पाचचा सामना इथे मध्यरात्री दीडला लागतो, आणि ते जागरण मला कधी जड गेलेलं नाही.

क्लब वाचला, पण कारभार एका खासगी कंपनीच्या हाती गेला. प्रशिक्षक रेइनाल्दो मेर्लो यांनी सातवं मांजर सापडेपर्यंत मैदान खणायला लावलं, असं म्हणतात. २००१च्या डिसेंबरात देशाची अर्थव्यवस्था कोसळली, बँकांतले पैसे अडकले, रस्त्यांवर माणसं मेली, राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेले. त्यानंतर आठवड्याभराने, २७ डिसेंबरला, रासिंग वेलेस क्लबच्या मैदानावर बरोबरीत सुटला आणि ३५ वर्षांनी लीगचा विजेता झाला. त्या दिवशी रासिंगच्या चाहत्यांनी दोन स्टेडियम भरली होती: एक वेलेसचं आणि दुसरं स्वतःचं, जिथे पडद्यावर सामना पाहायला माणसं जमली होती.

कंपनीच्या बाजूने बोलणारे हे विजेतेपद पुढे करतात. करंडक कंपनीच्या काळात आला हे खरंच आहे. पण २००८ मध्ये तीच कंपनी दिवाळखोर ठरली आणि क्लब पुन्हा सभासदांकडे आला. त्यानंतर रासिंगने २०१४ आणि २०१९ ची लीग जिंकली, २०२४ मध्ये कोपा सुदअमेरिकाना जिंकला. त्याच डिसेंबरात सभासदांनी अध्यक्ष निवडला तो दिएगो मिलितो, २००१च्या संघातला पोरसवदा स्ट्रायकर. पैसेवाल्याशिवाय क्लब चालत नाही, असं ठासून सांगणाऱ्यांना मी रासिंगचाच हिशेब दाखवीन.

हा वाद आज जिवंत आहे, कारण राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांना क्लब कंपन्यांसाठी खुले करायचे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये सत्तेवर येताच त्यांनी काढलेल्या भल्यामोठ्या वटहुकमात ती तरतूद होती. अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने विरोध केला, बहुतेक क्लबांनीही केला. योगायोगाने त्याच महिन्यात बोका ज्युनियर्सची निवडणूक झाली. एका बाजूला क्लबचा लाडका माजी खेळाडू रिकेल्मे, दुसऱ्या बाजूच्या पॅनेलमध्ये देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष मॉरिसियो माक्री. माक्री स्वतः १२ वर्षं बोकाचे अध्यक्ष होते आणि तिथूनच राजकारणात वर चढले. ४० हजारांहून अधिक सभासदांनी मतदान केलं आणि रिकेल्मे मोठ्या फरकाने जिंकला. ज्या क्लबात माजी राष्ट्राध्यक्षाला मतं मागावी लागतात आणि तो हरू शकतो, तो क्लब विकत घेणाऱ्याला गैरसोयीचाच वाटणार.

सान लोरेन्झो क्लबचं उदाहरण तर कुठल्याही गुंतवणूकदाराच्या वहीत बसणार नाही. लष्करी राजवटीत, १९७९ मध्ये, बोएदो वस्तीतलं त्यांचं जुनं मैदान बंद झालं. दबावाखाली जमीन विकावी लागली, कारण दिलं गेलं रस्त्यांचं आणि घरांचं. उभा राहिला कारफूरचा सुपरबाजार. चाहते ते विसरले नाहीत. मार्च २०१२ मध्ये प्लासा दे मायो चौकात प्रचंड मोर्चा निघाला, त्याच वर्षी शहराच्या विधिमंडळाने जमीन परत देण्याचा कायदा केला, लोकांनी एकेका चौरस मीटरचे पैसे भरले, आणि २०१९ मध्ये जागेचा ताबा मिळाला. स्टेडियम अजून उभं राहिलेलं नाही. ज्यांनी जुनं मैदान कधी पाहिलंही नव्हतं अशी पोरंसुद्धा त्या मोर्च्यात होती.

बोका आणि रिव्हरबद्दल थोडक्यात. दोघांचा जन्म ला बोका या बंदरी वस्तीतला. रिव्हर उत्तरेच्या सुखवस्तू भागात गेला, १९३०च्या दशकात महागडे खेळाडू घेऊन लक्षाधीश म्हणवून घेऊ लागला. बोका तिथेच राहिला. २०११ मध्ये रिव्हर खालच्या श्रेणीत गेला, आणि बोकाचे चाहते तेव्हापासून पांढऱ्या चादरीतलं भूत नाचवून त्याची आठवण करून देतात. २०१८च्या लिबर्तादोरेस अंतिम फेरीत रिव्हरच्या चाहत्यांनी बोकाच्या बसवर हल्ला केला आणि सामना थेट माद्रिदला हलवावा लागला. रिव्हर जिंकला, पण खंडातला सर्वांत मोठा सामना ब्यूनस आयर्सकडून हिरावला गेला याचा मला आजही राग आहे.

कारण हिंसा ही तिथली खरी कीड आहे, आणि सभासदांच्या मालकीने ती रोखलेली नाही. बार्रा ब्रावा म्हणतात त्या टोळ्या तिकिटांच्या काळ्या बाजारावर आणि स्टेडियमभोवतीच्या पार्किंगवर हुकमत गाजवतात. अनेक पदाधिकाऱ्यांनी निवडणुकीसाठी त्यांना जवळ केलं आहे. यावर सरकारने काढलेला तोडगा मात्र चुकीच्या माणसांना शिक्षा देणारा होता. जून २०१३ मध्ये ला प्लाता शहरात लानुस क्लबचा एक चाहता पोलिसांच्या रबरी गोळीने मेला आणि त्यानंतर पाहुण्या संघाच्या चाहत्यांना लीगच्या सामन्यांत बंदी झाली. गोळी पोलिसांची, बंदी प्रेक्षकांना. बार्रांचे धंदे तसेच चालू राहिले. त्यांच्यातली बरीचशी भांडणं तर एकाच क्लबातल्या टोळ्यांची असतात.

दुसरी गॅलरी नसेल तर डर्बी अर्धीच उरते. टोमण्याला उत्तर मिळत नाही, गाण्यावर गाणं चढत नाही. १९७१ मध्ये आल्दो पेद्रो पोय याने नेवेल्सविरुद्ध सूर मारून डोक्याने गोल केला, आणि सेंट्रलचे लोक दर १९ डिसेंबरला एकत्र जमून तो गोल पुन्हा साजरा करतात. खुद्द पोय म्हातारपणीही त्यासाठी सूर मारत आलाय. हा सोहळा इतकी वर्षं टिकला, कारण त्या दिवशी हरलेले लोकही स्टेडियममध्ये होते आणि त्यांनी तो गोल डोळ्यांनी पाहिला होता. मागच्या ऑगस्टमध्ये दि मारियाने मायदेशी परतून नेवेल्सविरुद्ध फ्री किकवर विजयी गोल केला, तो पाहायला नेवेल्सचे चाहते स्टेडियममध्ये नव्हते.

त्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२५ मध्ये, लानुस विरुद्ध सेंट्रल सामन्याला पाहुण्या चाहत्यांना प्रयोग म्हणून प्रवेश मिळाला होता. हा प्रयोग थांबवू नये. पोलिसांनी प्रवासाचे मार्ग वेगळे ठेवावेत, क्लबांनी तिकीट सभासदाच्या नावावर द्यावं, बार्रांच्या म्होरक्यांना दारातच अडवावं, आणि रोसारियोच्या डर्बीत दोन्ही रंगांच्या गॅलऱ्या पुन्हा उघडाव्यात.