पाय टेकूं नका!

लक्षद्वीपांतील कडमत बेटापाशीं शिडाची होडी नांगरून, डोळ्यांवर कांच व तोंडांत श्वासनळी लावून पाण्यावर पालथें पडावें, तों खालीं प्रवाळांचा बगीचा दिसतो. तो अगदीं पायाशीं आहे असें वाटतें. पण प्याल्यांतली पेन्सिल वांकडी दिसते, तोच हा वक्रीभवनाचा खेळ. ४ हात खोल असलेली वस्तु ३ हातांवर भासते. दमलेला मनुष्य आधाराला पाय टेकूं जातो आणि घात होतो. तो निर्जीव खडक नव्हे, जिवंत वसाहत आहे. पाणी फार तापलें म्हणजे हे जीव आपल्या अंगांतील अन्नदायी शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. १९९८, २०१० व २०१६ सालीं तेथें असेंच पुष्कळ प्रवाळ मेलें. लाटा अडवून बेट राखणारी भिंत हेच जीव बांधतात. त्यांवर आणखी आपल्या पायांचा भार कशाला? दमलांत, तर उताणें तरंगा.