बेताच्या पैशांत घरगुती नाट्यगृह

कोयलीला १९६५ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि नोकरीनिमित्त ठिकठिकाणची कुटुंबे या परिसरात येऊन स्थिरावली. त्यांपैकी एका मराठी घरातील निवृत्त गृहस्थांनी गेल्या वर्षी ‘होम थिएटर’ घेण्याचे मनात आणले. हेतू केवळ करमणुकीचा नव्हता. घरी चौऱ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री. शेजार गुजराती, नातवंडांची शाळा इंग्रजी. त्यामुळे भरपूर मराठी कानांवर पडायचे ते टीव्हीवरील नाटकांतूनच. आणि नेमके त्यांतले संवादच आजींना उमगेनासे झाले होते. आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीताने घर दणाणे, शब्द मात्र पुसटच राहत.

वयोमानाने प्रथम मंदावतात ते उंच पट्टीचे ध्वनी. भाषेत स्वर जोर देतात, पण शब्दाचा अर्थ पुष्कळसा व्यंजनांवर तोललेला असतो. स, श, त, क यांची धार गेली की ‘साप’ आणि ‘ताप’ यांत फरक उरत नाही. तेव्हा कानांची तपासणी आधी, खरेदी मागाहून. परंतु दोष यंत्राकडेही असतो. आजचे चपटे टीव्ही दिसायला देखणे. मात्र त्यांचे इवलेसे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. वक्त्याने श्रोत्यांकडे पाठ करून बोलावे, तसाच हा प्रकार!

आमच्या या स्नेह्यांचा बेत चाळीस हजारांचा. पहिल्याच दुकानात त्यांना सहा पेट्यांचा झगझगीत संच दाखवण्यात आला. वर हजारो वॅटची चिठ्ठी. चिठ्ठीवरचा आकडा ‘पीएमपीओ’ म्हणून दिला असेल, तर तो वाचून सोडून द्यावा. क्षणिक कमाल शक्तीच्या नावाखाली फुगवलेल्या या आकड्याला मापनाचा ठाम आधार नसतो. पाहावयाचा तो आरएमएस वॅटचा आकडा. आणि तोही किती ओहमला, किती वाहिन्या एकदम चालवून व कोणत्या कंपनसंख्येवर मोजला, हे विचारून. एकच वाहिनी चालवून सहा ओहमला मिळालेले शंभर वॅट आणि दोन वाहिन्या चालवून आठ ओहमला, वीस ते वीस हजार हर्ट्झपर्यंत मिळालेले शंभर वॅट, यांत मोठेच अंतर आहे.

शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वाढ होते अवघी तीन डेसिबलची. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून स्पीकरची संवेदनशीलता विचारावी. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जितकी शक्ती लागेल, तिच्या निम्म्यात ९० डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज देतो. दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस-पन्नास खरे वॅट विपुल झाले.

पैशांची वाटणी करताना माझा कौल स्पीकरच्या बाजूने. चांगला स्पीकर वीस वर्षे साथ देतो. रिसीव्हर मात्र जोडण्यांचे नवे प्रकार आले की मागे पडतो. स्नेह्यांनी हेच केले. पाच वाहिन्यांचा साधा रिसीव्हर आणि समोरचे दोनच चांगले स्पीकर घेतले. संवाद ज्यातून येतात तो मधला स्पीकर, त्याच मालिकेतला, पुढील वर्षावर ठेवला. मात्र मधला स्पीकर नाही, हे रिसीव्हरच्या मांडणीत नमूद करावे लागते. मगच तो संवाद डाव्या-उजव्याकडे वाटून देतो. आजींची खुर्ची दोहोंच्या बरोबर मध्ये आली आणि शब्द पडद्यातूनच येऊ लागले. बाजूला बसणाऱ्यांना हा लाभ तितका होत नाही, म्हणून मोठ्या कुटुंबाने मधला स्पीकर फार लांबणीवर टाकू नये. रात्री मोठे आवाज दाबून हळू आवाज वर आणणारी सोयही बऱ्याच रिसीव्हरांत असते. ती जरूर वापरावी.

पाचही दिशांनी आवाज हवाच, असा हट्ट कशासाठी? ‘शोले’ १९७५ साली सत्तर मिलिमीटरवर सहा ध्वनिपट्ट्यांसह आला, ते भव्य चित्रपटगृहासाठी. बडोद्याच्या दरबारचे गायक उस्ताद फैयाज खाँ १९५० साली निवर्तले. त्यांच्या जुन्या तबकड्यांत ध्वनीची वाट एकच. त्या आवाजाचा भरदारपणा दोन सरस स्पीकर जेवढा पोहोचवतील, तेवढा सहा सुमार पेट्या कदापि नाही. ज्या शहरात मौलाबक्षांनी १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा चालवली, तेथील घरांनी तरी कानाने पारख करावी. दुकानात जाताना ओळखीचे गाणे आणि एखाद्या नाटकातला प्रवेश सोबत न्यावा. दुकानदार स्फोटांचे दृश्य लावतो. त्यात सगळेच स्पीकर शूर वाटतात.

घुमारा देणारा सबवूफर सर्वांत शेवटी. एका भिंतीला दोन बिऱ्हाडे असलेल्या वसाहतीत त्याचा पहिला श्रोता शेजारी असतो. स्पीकरही कोपऱ्यात कोंबू नयेत. खर्ज फुगतो आणि शब्द त्यात बुडतात. उंची बसलेल्या माणसाच्या कानांइतकी असावी. महागड्या तारांच्या मोहात पडू नये. दहा-पंधरा फुटांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुपदरी तार पुरते. जोडताना दोन्ही स्पीकरांचे धन-ऋण टोक तपासावे. एकाचे उलट लागले, तर खर्ज नाहीसा होतो आणि बोलणारे पात्र पडद्यावर कोठे उभे आहे, हे कानाला सापडत नाही.