चंद्र खाली का पडत नाही?

मित्रांनो, देठ सुटला की आंबा खाली पडतो. मग चंद्र का पडत नाही? मी गणित करून पाहिले. तुम्हीही पाटी घ्या.

आंबा पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ६,४०० किलोमीटरवर असतो. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर, म्हणजे ६० पट लांब. न्यूटनचा नियम सांगतो, की अंतर ६० पट झाले की ओढ ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० पट कमी होते.

आंबा पहिल्या सेकंदात ४,९०० मिलिमीटर पडतो. त्याला ३,६०० ने भागा. उत्तर सुमारे १.४ मिलिमीटर. म्हणजे चंद्रसुद्धा पडतोच, पण सेकंदाला एवढासाच! आणि तेवढ्यात तो एक किलोमीटर पुढे पळालेला असतो. म्हणून तो आपल्यावर न येता गोल फिरत राहतो. पळणे थांबले, तर मात्र सरळ खालीच येईल बरं का!

त्याची फेरी सुमारे २४ लाख किलोमीटरची, म्हणून सेकंदही साधारण २४ लाख लागतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार २८ च्या थोडा खाली येतो. नेमके दिवस २७.३ आहेत.

आता घरी पंचांग उघडा. नक्षत्रे किती? २७! चंद्र रोज साधारण एक नक्षत्र ओलांडतो. आजीला विचारा, तिला हे ठाऊक असेल.