पाट, पाणीपाळी आणि कायदा

छत्रपती संभाजीनगरहून पुण्याकडे एस. टी.ने निघाले, की तास-सव्वा तासात कायगाव टोक्याचा पूल येतो. पूल आला, की गाडीतली पेंगणारी मंडळी जागी होतात. कोणी हात जोडते, कोणी खिडकीतून नाणे टाकते. गोदावरी आणि प्रवरा इथे भेटतात. पावसाळा बरा झालेला असेल तर जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटाही इथवर येऊन पोचलेला असतो.

परवा याच पुलावर सहावीत शिकणाऱ्या भाचीने मला एक प्रश्न विचारला. तिला शाळेतून ‘मानवी संस्कृतीची वाटचाल’ या विषयावर निबंध लिहून न्यायचा होता. ‘‘मामा, आधी नियम आले, की आधी यंत्रं?’’ मी तोंड उघडले आणि मिटले. मोठ्या माणसांना असे प्रश्न पडायचे बंद होतात, कारण उत्तर येत नाही हे कबूल करायची आपली तयारी नसते.

उत्तर शोधायला इजिप्त-बाबिलोनपर्यंत जायचे कारण नाही. ज्या पुलावर आमची गाडी उभी होती, त्याच्या दोन्ही अंगांना दीड-दोनशे किलोमीटरच्या टापूत माणसाच्या वाटचालीचे जवळजवळ सगळे टप्पे मातीत पडलेले आहेत. आणि गंमत म्हणजे त्या प्रत्येक टप्प्यावर पाण्याचा प्रश्न उभा आहे.

दगडाचे हत्यार, भांड्याची तोटी

प्रवरेच्या काठचे नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे ठाऊक. पण ज्ञानदेवांच्याही हजारो वर्षे आधी इथे माणूस राहत होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात इथे उत्खनन केले. नदीकाठच्या थरांमध्ये अश्मयुगातली दगडी हत्यारे मिळाली आणि वरच्या टेकाडात शेती करणाऱ्या वस्तीचे अवशेष. दगड फोडून धार काढणे हे माणसाचे पहिले तंत्रज्ञान. त्याला उस्ताद लागतो, शागीर्द लागतो. पण सरपंच लागत नाही. माणूस शिकार करून पुढच्या रानात निघून जातो, तोवर भांडणाचा निकाल पायांनीच लागतो. पटले नाही, तर दुसरीकडे जा!

माणूस शेती करू लागला आणि ही सोय संपली. पेरलेले शेत पाठीवर टाकून नेता येत नाही. शेजारी कितीही वाईट निघाला, तरी सुगीपर्यंत त्याच्या शेजारीच राहावे लागते. कायद्याची गरज निर्माण झाली ती इथे.

महाराष्ट्रातल्या या पहिल्या शेतकऱ्यांची सर्वांत बोलकी वस्ती म्हणजे पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेले इनामगाव. १९६८ पासून पुढे पंधराएक वर्षे सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी तिथे चिकाटीने खोदकाम केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तिथे माणसे नांदली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष सापडले. चौकोनी घरे, कुडाच्या भिंती, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा. मुख्य पीक सातूचे. तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली, चाकावर घडवलेली, तोटीची भांडी या लोकांची खूण. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी ती प्रथम ओळखली गेली, म्हणून तिला ‘जोर्वे संस्कृती’ म्हणतात.

कुंभार आदी कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिमेकडच्या अंगाला होती. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. याच घराच्या अंगणात चार पायांचा, मोठ्या पोटाचा एक मातीचा रांजण निघाला. त्यात मांडी घालून बसवलेला, चाळिशीतल्या पुरुषाचा सांगाडा होता. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडत. या माणसाची पावले मात्र शाबूत होती. म्हणजे गावात सर्वांना लागू असलेला एक रिवाज होता, आणि त्यातून वगळला जाणारा एक माणूसही होता. कोठार ज्याच्या अंगणात, तो इतरांहून वेगळा. उत्खनन करणाऱ्यांनी त्याला गावाचा प्रमुख मानले.

पहिला पाट

पण माझ्या भाचीच्या प्रश्नाचे उत्तर या रांजणात नाही, ते गावाच्या कडेला आहे. तिथे एक खोदलेला पाट सापडला आणि त्याच्या कडेने दगड-मातीचा लांबलचक बांध. नदीच्या पुराचे पाणी वळवून शेतांना देण्यासाठी हे काम केलेले असावे, असे संशोधकांचे मत आहे.

आता विचार करा. पाट खणणे एका घराचे काम नव्हे. लोखंड नाही, पहार नाही. हाताशी दगड, लाकूड आणि थोडेफार तांबे. कोणत्या घरातून किती माणसे यायची? जो आला नाही, त्याला पाणी द्यायचे की नाही? पाणी आधी वरच्या शेताला, की खालच्या? गाळ कोणी काढायचा? बांध फुटून शेजाऱ्याचे शेत वाहून गेले तर भरपाई कोणाची? या प्रश्नांची काही ना काही उत्तरे ठरल्याशिवाय पाट दोन पावसाळेही टिकणार नाही. म्हणजे कुदळ मारली गेली त्याच दिवशी नियमही करावा लागला. यंत्र आधी की नियम आधी, याचे माझे उत्तर हे: पाटाच्या बाबतीत दोन्ही एकाच दिवशी जन्मले.

इनामगावकरांना लिपी नव्हती, त्यामुळे त्यांचे नियम आपल्याला वाचता येत नाहीत. मात्र इनामगाव वसण्याच्या शे-दीडशे वर्षे आधी बाबिलोनच्या हम्मुराबीने आपले कायदे काळ्या दगडावर कोरून ठेवले. १९०१ मध्ये तो दगड इराणमधल्या सुसा इथे सापडला; आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात एक कलम असे, की आपल्या वाट्याच्या बांधाची डागडुजी करण्यात एखाद्याने आळस केला आणि बांध फुटून दुसऱ्याचे पीक बुडाले, तर त्याने ते धान्य भरून द्यावे. आपल्याकडे आजही बांधावरून जी भांडणे तालुक्याच्या कोर्टात जातात, त्यांची ही पणजीच म्हणायची!

दायमाबादची कांस्यमूर्ती आणि उलटी वाट

प्रवरेच्याच काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना चार भरीव धातुशिल्पे सापडली: बैल जोडलेला रथ आणि रथात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. ती नेमकी केव्हाची, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. अनेक जण ती उत्तर-हडप्पा काळातली मानतात. दायमाबादला त्या काळातल्या, सिंधू लिपीची अक्षरे असलेल्या मुद्राही मिळाल्या आहेत. एवढा धातू दूरवरून आणायचा, वितळवायचा आणि ओतायचा, तर ज्याला शेत नांगरावे लागत नाही असा कारागीर हवा, आणि त्याचे पोट भरणारे कोठारही हवे. तंत्रज्ञान पुढे जाते ते असे, उरलेल्या धान्यावर.

पण ही वाट सरळ चढत जाणारी नाही. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले. दायमाबाद ओस पडले. इनामगाव तगले, पण कसे? ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली, शिकारीवरची भिस्त वाढली. इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास तेही गाव उठले. सुधारणा म्हणजे एकदा चढलो की खाली न उतरणारा जिना, असे आपण समजतो. इनामगावचे लोक तो जिना उतरले, तेही पिढ्यान्‌पिढ्या, पायरी पायरीने.

तोंडी शब्दाकडून लेखाकडे

पुढे लोखंड आले, रस्ते आले आणि गोदाकाठी प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण सातवाहनांची राजधानी झाले. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक दर्यावर्दीने लिहून ठेवले आहे, की भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर.

मात्र कायद्याच्या दृष्टीने खरी नवलाची गोष्ट नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे एका लेखात आपली ठेव नोंदवली आहे. विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक दराने; दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हिशेब करून पाहा: वर्षाचे व्याज २४०, वीस भिक्षू, प्रत्येकी बारा. पै न्‌ पै जुळते! हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून फलकावर लिहिला गेला, असेही लेख सांगतो. राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या हवाली करतो आणि सभेत नोंदवतो, याचा अर्थ विश्वास आता नात्यागोत्यावर नव्हे, तर लेखावर उभा होता.

त्याच लेण्यांतला, तिसऱ्या शतकातला आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा लेख आणखी एक गोष्ट सांगतो. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ज्या श्रेणींकडे ठेव ठेवली, त्यांत कुंभार आहेत, तेली आहेत आणि ‘ओदयंत्रिक’ म्हणजे पाण्याची यंत्रे चालवणारेही आहेत. सतराशे वर्षांपूर्वी नाशकात पाण्याचे यंत्रवाले होते, त्यांची संघटना होती आणि लोक तिच्यावर पैशांचा विश्वास टाकत होते.

खडकीची नहर, खानदेशचा फड

आता आपल्या शहरात या. गुलाम म्हणून विकला गेलेला, इथिओपियातून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० च्या सुमारास त्याने खडकी या लहानशा गावी राजधानी वसवली. आजच्या शहराची ही सुरुवात. खडकीत नावाप्रमाणे खडक होता, पाणी नव्हते. अंबरने उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीखाली झिरपणारे पाणी भुयारी पाटात गोळा केले आणि निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणले. सफाईसाठी जागोजागी उभी विवरे ठेवली. ही ‘नहर-ए-अंबरी’. पुढे शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचे दगडी जातेही अशाच नहरीच्या पाण्यावर फिरले. याच अंबरने जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून सारा ठरवण्याची पद्धत घातली. पाट आणि कायदा, पुन्हा एकाच माणसाच्या हातून.

राजा नसतानाही हे जमते, याचा दाखला धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत आहे. पांझरा, मोसम या नद्यांवर लहान लहान बंधारे, त्यांतून निघणारे पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या वर्षी पीक फिरवायचे. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, म्हणजे पाण्याचा फायदा आणि तोटाही सगळ्यांच्या वाट्याला. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना शेतकऱ्यांकडूनच. कित्येक शतके ही व्यवस्था चालली. बंधारा बांधणाऱ्याचे कौतुक आपण करतो. पण तो टिकवला पाटकऱ्याने.

पुन्हा प्रवरासंगम

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. इनामगावच्या पाटापुढे हे केवढे अवाढव्य काम! पण प्रश्न बदलला का? वरची धरणे नाशिक-नगरकडे, खाली मराठवाडा. पाणी आधी वरच्या शेताला, की खालच्या? २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचे तत्त्व त्यात घातले. २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तत्त्व उचलून धरले. तरीही टंचाईच्या वर्षी, अगदी २०२३ मध्येसुद्धा, दोन्ही बाजूंनी माणसे रस्त्यावर उतरली. वरच्या शेतकऱ्याची भीती खोटी नाही आणि खालच्याची तहानही खोटी नाही. धरण बांधायला आपल्याला अकरा वर्षे लागली. त्याच्या पाण्याची सर्वांना पटेल अशी वाटणी मात्र अजून पुरी झालेली नाही.

भाचीला मी पुलावरून घरी येईपर्यंत हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीत टँकर यायचा होता. पहाटेपासून हंडे, बादल्या, डबे रांगेत मांडलेले होते, माणसे मात्र घराघरांत. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आजींचा पत्र्याचा डबा रांगेत तिसरा होता. त्या स्वतः दवाखान्यात गेल्या होत्या. टँकर आला, गलका झाला, दोघा-तिघांची जुंपलीही. पण आजींचा डबा कोणी मागे सारला नाही. तिसऱ्या नंबरला तो भरला गेला आणि कोणीतरी उचलून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

भाचीने निबंधाचा शेवट त्या डब्यावर केला आहे. बाईंनी तो विषयाला सोडून आहे असा शेरा मारला. मला तसे वाटत नाही.