दूरस्थ पाठासाठी साधनांची निवड

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि खेड्यांतील शिक्षकांनाही मोबाइलवरून पाठ देणे भाग पडले. पुन्हा तसा प्रसंग आल्यास साधने निवडताना शिक्षकबंधुभगिनींनी आपल्या सोयीपूर्वी विद्यार्थ्याच्या घरची स्थिती ध्यानी घ्यावी.

चित्र अंधुक असले तरी मूल पाठ समजून घेते. शब्द तुटला, तर पाठच तुटतो. म्हणून प्रथम खर्च ध्वनीवर करावा. वायरचा साधा कॉलर माइक पुरेसा असतो. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा. आवाज घुमू नये म्हणून खोलीत सतरंजी अंथरावी. खिडकी पाठीमागे नसून समोर असावी. म्हणजे दिवसा निराळा दिवा लागत नाही.

डेटाचा हिशेबही अवश्य करावा. अर्ध्या तासाचा पाठ सेकंदाला ३२ किलोबिट दराने ध्वनिमुद्रित केल्यास सुमारे ७ एमबी होतो. ५०० किलोबिट दराने चित्रित केल्यास सुमारे ११२ एमबी. ज्या घरचा एकुलता मोबाइल दिवसभर वडिलांबरोबर शेतावर असतो, तेथे थेट पाठापेक्षा सायंकाळी ऐकता येणारा ध्वनिपाठच उपयोगी पडतो.

वर्गातील शेवटच्या मुलापर्यंत जे पोचेल, तेच साधन उत्तम समजावे.