भावाचा बॅरी, आईचा बॅरी

पानावरून पडद्यावर : लेखांक ७

गेल्या आठवड्यात सुपरमॅन झाला. या वेळी ज्याला उडता येत नाही, ज्याच्या अंगात बळही बेताचंच आहे, पण जो कुणाच्याही आधी पोचतो, त्या फ्लॅशकडे वळू. त्याच्यावर दोन मालिका निघाल्या. पहिली १९९० साली सीबीएस वाहिनीवर आली आणि एकच हंगाम, बावीस भाग टिकली. दुसरी २०१४ साली सीडब्ल्यू वाहिनीवर सुरू झाली आणि नऊ हंगाम चालली. दोन्हींचा नायक एकच, बॅरी ॲलन. दोन्हींत तो पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करतो, दोन्हींत अपघाताने त्याला वेग मिळतो, दोन्हींत लाल पोशाख. तरीही हे दोघे समोरासमोर आले तर त्यांचं एकमेकांशी फारसं जमणार नाही, असं मला वाटतं. का, ते बघू.

मूळ कॉमिकमधल्या बॅरीबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. त्याला दुःख नव्हतं. १९५६ साली ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात रॉबर्ट कॅनिघर आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी त्याला आणलं, तेव्हा तो एक साधा, सुस्वभावी, कायम उशिरा पोचणारा माणूस होता. प्रयोगशाळेत वीज पडते, रसायनांच्या बाटल्या फुटून त्याच्या अंगावर सांडतात आणि त्याला वेग मिळतो. मग तो काय करतो? लहानपणी त्याने जे गॅरिक नावाच्या जुन्या फ्लॅशची कॉमिक्स वाचलेली असतात (हा गॅरिक १९४० साली खरोखरच छापला गेला होता), त्याच्यासारखं आपणही व्हावं म्हणून पोशाख चढवतो. एवढंच. बॅटमॅनपाशी गल्लीत गोळ्या घातलेले आईवडील आहेत, सुपरमॅनपाशी नष्ट झालेला ग्रह आहे. बॅरीपाशी फक्त वक्तशीरपणाचा अभाव.

छापील पानावर असा नायक खपून जातो. अंकाची पानं मोजकी, खलनायक मजेशीर, गोष्ट वेगात. पण मालिकेला दर आठवड्याला तासभर माणूस दाखवायचा असतो, आणि हा माणूस जिवावर उदार होऊन का धावतो, हे प्रेक्षकाला पटावं लागतं. म्हणून दोन्ही मालिकांनी बॅरीला एकेक मृत्यू दिला. आणि माझ्या मते दोन बॅरींमधला सगळा फरक त्या मृत्यूंमधून निघतो.

डॅनी बिल्सन आणि पॉल डी मेओ यांनी १९९० च्या मालिकेत बॅरीला एक थोरला भाऊ दिला. त्याचं नाव जे. जुन्या फ्लॅशला केलेला हा नमस्कार. जे मोटरसायकल पथकाचा प्रमुख, वडिलांचा लाडका. वडील हेन्री हेही निवृत्त पोलीस, आणि त्यांच्या लेखी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हलवणं म्हणजे पोलिसाचं काम नव्हे. म्हणजे बॅरी मुळातच घरात दुय्यम. निकोलस पाइक हा बिघडलेला माजी पोलीस आपल्या टोळीकरवी शहर वेठीला धरतो आणि जेचा बळी घेतो. बॅरी पोशाख चढवतो तो या सूडापोटी. पण पहिल्याच भागाच्या शेवटी पाइक पकडला जातो. तिथे सूड संपतो आणि बॅरीपाशी उरतं ते काम. पुढच्या एकवीस भागांत तो रात्री बाहेर पडतो, गुन्हेगार धरतो, सकाळी प्रयोगशाळेत हजर होतो. जेची आठवण येते, पण ती त्याची मानगूट धरत नाही.

या बॅरीचा वेग अंगाला भारी पडतो. धावून आला की तो कोसळतो, मग टेबलभर अन्न फस्त करतो. ही भूक कॉमिकमधल्या बॅरीची नव्हे. मालिका निघाली तेव्हा कॉमिकमध्ये बॅरी जिवंतच नव्हता. १९८५ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मध्ये त्याला मारलं होतं आणि त्याचा भाचा, म्हणजे बायकोच्या भावाचा मुलगा, वॉली वेस्ट फ्लॅश झाला होता. १९८७ पासूनच्या अंकांत वॉलीला अशी प्रचंड भूक लागायची. मालिकेत बॅरीला तपासणारी डॉक्टर टीना मॅगी हे पात्रही वॉलीच्याच अंकांतलं. मालिकावाल्यांनी नाव बॅरीचं ठेवलं आणि शरीर बरंचसं वॉलीचं उचललं. ही उचल मला शहाणपणाची वाटते. जॉन वेस्ली शिपसारखा भरदार माणूस टीनाच्या यंत्रांना तारांनी जोडून घेऊन धापा टाकताना दिसतो, तेव्हा वेग ही देणगी कमी आणि दुखणं जास्त वाटतं. त्याचा पोशाखही पाणबुड्यांसाठी बनवलेल्या सोव्हिएत नमुन्यातून आलेला. हवेच्या घर्षणाने साधे कपडे टिकत नाहीत म्हणून घातलेला. मिरवण्याचा भाग जवळजवळ नाहीच.

हा बॅरी एकटा आहे, हेही महत्त्वाचं. त्याचं गुपित टीनाला ठाऊक, आणखी एखाददुसऱ्याला, बस. शहर त्याच्याभोवती निऑनच्या दिव्यांत आणि जुन्या मोटारींत बुडालेलं. एक वर्ष आधी टिम बर्टनचा ‘बॅटमॅन’ येऊन गेला होता, त्याची छाया चौकटीचौकटीवर आहे. शीर्षकसंगीतसुद्धा त्याच चित्रपटाच्या डॅनी एल्फमनचं. वाहिनीने मालिका गुरुवारी रात्री लावली, जिथे एकीकडे ‘द कॉस्बी शो’ आणि दुसरीकडे ‘द सिम्पसन्स’ होते. त्यात आखाती युद्धाच्या बातम्यांनी वेळा हुकल्या. खर्चीक मालिकेचं पुढे जे व्हायचं ते झालं.

आता दुसरा बॅरी. ग्रँट गस्टिनने रंगवलेला हा पोरगेला, सडपातळ, पटकन डोळ्यांत पाणी येणारा मुलगा. तो अकरा वर्षांचा असताना त्याच्या आईचा, नोराचा, घरात खून होतो. खून वेगाच्या पिवळ्या लोळातून आलेल्या माणसाने केलेला असतो, पण शिक्षा वडिलांना होते. हा प्रसंगही जुन्या कॉमिकचा नव्हे. २००९ च्या ‘द फ्लॅश : रीबर्थ’मध्ये जेफ जॉन्स या लेखकाने तो बॅरीच्या भूतकाळात घातला. मालिकेने तो घेतला, आणि वडिलांच्या, हेन्री ॲलनच्या, भूमिकेत १९९० च्या जॉन वेस्ली शिपला तुरुंगाच्या काचेपलीकडे बसवलं. कौतुकाची गोष्ट म्हणून हे सगळीकडे सांगितलं जातं. मला त्यात निवड जाणवते ती अशी की, पहिल्या मालिकेचा कर्ता पुरुष दुसऱ्या मालिकेत असहाय बाप होतो.

भावाच्या खुन्याला पकडता येतं. आईचा खुनी मात्र भविष्यकाळातून आलेला आहे आणि बॅरी पुरेसा वेगाने धावला तर त्या रात्रीपर्यंत परत जाऊ शकतो. म्हणजे हे दुःख संपणारं नाही, कारण ते दुरुस्त होण्याजोगं आहे. ज्याला परत जाता येतं, त्याचं सुतक कधी फिटायचं?

या गोष्टीचा मालिकेने सर्वात चांगला उपयोग केला तो पहिल्या हंगामाच्या शेवटच्या भागात, मे २०१५ मध्ये. बॅरी मार्च २००० च्या त्या रात्री पोचतो. दिवाणखान्यात लाल आणि पिवळा असे दोन लोळ एकमेकांभोवती फिरताहेत, मध्ये आई. तो दाराआडून बघतोय. तेवढ्यात भविष्यातला दुसरा फ्लॅश, म्हणजे तो स्वतःच, क्षणभर थांबतो आणि हाताने खुणावतो : येऊ नकोस. बॅरी दार लावून घेतो आणि पलीकडे आई मरते ते ऐकत उभा राहतो. सगळं शांत झाल्यावर बाहेर येऊन तिच्याशेजारी बसतो, मुखवटा काढतो, आपण कोण ते सांगतो आणि बाबा व मी बरे आहोत एवढंच तिला कळवतो. संपूर्ण मालिकेत वेगवान माणसाने काहीही न करण्याचा हा एक प्रसंग, आणि गस्टिन इथे जे करतो ते शिपच्या बॅरीला बावीस भागांत कुणी करायलाच दिलं नव्हतं.

दुर्दैवाने लेखकांना हा निर्णय पचला नाही. पुढच्या हंगामाअखेर वडीलही मारले जातात आणि बॅरी पुन्हा त्या रात्रीत जाऊन आईला वाचवतो. त्यातून जग विस्कटतं, ते परत जुळवताना सहकारी सिस्कोचा भाऊ मेलेला निघतो, मित्र डिगलच्या मुलीच्या जागी मुलगा असतो. इतरांची घरं मोडून बसलेला नायक म्हणून यात खूप काही होतं. पण मालिका त्याला लवकरच माफ करते, कारण त्याच्याभोवती माफ करणारी माणसंच फार आहेत : सांभाळ करणारा जो वेस्ट, त्याची मुलगी आयरिस, सहकारी सिस्को आणि केटलिन. कानातल्या यंत्रातून त्यांच्यापैकी कुणी ना कुणी सतत बोलत असतं. सुरुवातीला याही बॅरीला भुकेने चक्कर येते; सिस्को त्याच्यासाठी जादा उष्मांकाच्या वड्या बनवतो आणि काही भागांनी ती भूक कथेतून जवळजवळ गायब होते. या बॅरीचं शरीर थकत नाही, मन थकतं. आणि मग कुणीतरी येऊन त्याला चार धीराचे शब्द सांगतं. नऊ हंगामांत हे इतक्यांदा होतं की, खरं सांगायचं तर, मी ते संवाद पुढे ढकलत गेलो.

पहिल्या बॅरीलाही एकदा काळ ओलांडायला मिळाला होता. पाइक सुटून आलेल्या भागात तो दहा वर्षं पुढे फेकला जातो आणि पाइकच्या मुठीतलं शहर बघतो. तो परत येऊन आपल्या काळातलं काम निस्तरतो. मागे जाऊन जेला वाचवावं हे त्याच्या मनातही येत नाही. हा लेखनातला कोतेपणा म्हणा हवं तर. मला तो स्वभाव वाटतो.

दोघांची गाठ अखेर पडली. मार्क हॅमिलचा खलनायक ट्रिकस्टर १९९० च्या मालिकेतून २०१५ मध्ये सरळ उचलून आणला होता आणि त्याने हेन्रीला, म्हणजे शिपलाच, ओलीस ठेवलं. ती गंमत होती. गंभीर गाठ पडली डिसेंबर २०१९ मधल्या ‘क्रायसिस’ कथेत. कॉमिकमधल्या बॅरीने १९८५ साली ज्या कथेत जीव दिला, तीच कथा आता पडद्यावर होती आणि फ्लॅश मरणार हे ठरलेलं होतं. गस्टिनचा बॅरी तयार असतो, निरोप घेऊन झालेले असतात. तेव्हा पृथ्वी-९० या समांतर जगातून आलेला शिपचा बॅरी त्याचा वेग काढून घेतो आणि त्याच्या जागी स्वतः धावायला जातो. मध्येच जुन्या मालिकेतलं टीनाबरोबरचं दृश्य झळकतं. तो फार बोलत नाही. कुणीतरी धावायला हवं, तर धावतो.

दुसरी मालिका मे २०२३ मध्ये १८४ भागांवर थांबली. निरोपाच्या चार भागांपैकी पहिला भाग बॅरीला पुन्हा एकदा २००० सालात, आईवडिलांच्या घरी, त्याच रात्रीच्या तोंडावर नेऊन सोडतो. शिप तिथेही हेन्री म्हणून आहेच.

पुढील लेखांक : एक्स-मेनमधली रोग, १९९२ ची आणि २००० ची.